प्राणवायूच्या दोन टाक्या आणि मधली नळरचना

(रुग्णालयीन कर्मचारी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावाला पाणी पुरविणाऱ्या दोन टाक्या असतात. एक रिती झाली की पाणी सोडणारा माणूस तिची झडप बंद करतो, दुसरीची उघडतो आणि घरोघरचे नळ पुन्हा वाहू लागतात. मधली पाच-दहा मिनिटे नळ कोरडे राहिले तर कुणाचे फारसे अडत नाही. परंतु ज्या नळातून पाण्याऐवजी प्राणवायू वाहतो आणि ज्या नळाच्या दुसऱ्या टोकाला आजारी माणूस असतो, त्या नळाला ही पाच मिनिटांची सवलत मिळत नाही. एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाण्याचे काम तेथे रुग्णाच्या एका श्वासातही खंड पडू न देता व्हावे लागते. हे कसे साधले जाते आणि त्यासाठी दोन टाक्यांमधील नळरचना कशी असावी लागते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत या विषयाचे महत्त्व गोमंतकाने अतिशय दुःखद रीतीने अनुभवले. मे २०२१ मध्ये बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पुष्कळसा प्राणवायू सिलिंडरांतून पुरविला जात होता. सिलिंडरांनी भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून आणावयाच्या, मागेपुढे करून त्या जागेवर लावावयाच्या आणि नंतर त्यांतील सिलिंडर नळमालिकेस जोडावयाचे, असा क्रम होता. हे होईपर्यंत पुरवठ्यात खंड पडतो आणि नळातील दाब घटतो, ही अडचण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढील सुनावणीत नमूद झाली. त्याच महिन्यात त्या रुग्णालयात २०,००० लिटर क्षमतेची द्रवरूप प्राणवायूची टाकी कार्यान्वित करण्यात आली.

त्याच्या काही आठवडे आधी, २१ एप्रिल २०२१ रोजी, नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीस गळती लागली, नळातील दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. बांबोळीस अडचण सिलिंडर बदलण्याची होती. नाशकास टाकी होती, तरीही आपत्ती टळली नाही. या दोन घटना एकत्र पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. साठा असणे आणि पुरवठा असणे या दोन निराळ्या बाबी आहेत. साठा आणि रुग्ण यांच्यामध्ये नळ, झडपा आणि दाबनियंत्रक यांची एक साखळी असते, आणि एक साठा निकामी होऊन दुसऱ्यावर भार जातो त्या क्षणी या साखळीची खरी परीक्षा होते.

प्रथम, प्राणवायू द्रवरूपात का साठवितात ते पाहू. शंभर रुग्णांना प्रत्येकी मिनिटाला १० लिटर प्राणवायू द्यावयाचा असेल तर मिनिटाला १,००० लिटर वायू लागतो. रुग्णालयातील मोठ्या सिलिंडरात सुमारे ७,००० लिटर वायू मावतो. म्हणजे दर सात मिनिटांना एक सिलिंडर रिकामा होणार आणि दिवसाकाठी दोनशेहून अधिक सिलिंडर बदलावे लागणार. याउलट एक लिटर द्रवरूप प्राणवायूपासून नेहमीच्या तपमानात सुमारे ८६० लिटर वायू होतो. १०,००० लिटरची एक टाकी म्हणजे सुमारे ८६ लाख लिटर वायू, अर्थात बाराशेहून अधिक सिलिंडरांचा ऐवज. वर सांगितलेल्या शंभर रुग्णांना तो जवळजवळ सहा दिवस पुरेल.

परंतु या सोयीचे मोल मोजावे लागते. प्राणवायू साध्या दाबाखाली उणे १८३ अंश सेल्सिअस तपमानाला द्रवरूप होतो. १८७७ मध्ये फ्रान्समधील कायते आणि स्वित्झर्लंडमधील पिक्ते यांनी तो द्रवरूप करण्याचे पहिले यशस्वी प्रयोग केले, तर १८८३ मध्ये पोलंडमधील क्राकूव्ह येथे व्रुब्लेव्हस्की आणि ओल्शेव्हस्की यांनी तो पात्रात पाहता येईल इतक्या प्रमाणात मिळविला. १८९२ मध्ये जेम्स देवार यांनी दुहेरी भिंतीचे, मधली हवा काढून घेतलेले पात्र तयार केले. चहाचा थर्मास त्याचाच वंशज होय. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या भांड्यात ठेवतात ते भांडेही त्याच जातीचे. त्यातील द्रवरूप नत्रवायू उणे १९६ अंशांवर असतो. भांड्याचे तोंड उघडताच बाहेर येणारे पांढरे धुके अनेक ग्रामस्थांनी पाहिले असेल. रुग्णालयातील टाकी म्हणजे असेच एक प्रचंड भांडे समजावे. आतील पात्र स्टेनलेस पोलादाचे, बाहेरील साध्या पोलादाचे, आणि मधल्या पोकळीत निर्वात अवस्थेत परलाइट नावाची उष्णतारोधक भुकटी असते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पाण्याच्या नळाच्या दोन्ही टोकांच्या झडपा बंद केल्या तर मधले पाणी वर्षभर स्वस्थ पडून राहील. शीतद्रव असा स्वस्थ राहत नाही. नळाभोवतीची हवा त्याच्या मानाने दोनशे अंशांनी उष्ण असते. ही उष्णता सतत आत झिरपते आणि द्रव उकळू लागतो. पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या पाच मीटर लांब नळात सुमारे अडीच लिटर द्रव मावतो. तो पूर्ण उबला म्हणजे त्यापासून दोन हजार लिटरांहून अधिक वायू होऊ पाहतो, आणि त्याला जागा मात्र तीच अडीच लिटरांची असते. अशा वेळी दाब इतका चढतो की नळ किंवा झडप फुटल्यावाचून राहत नाही.

म्हणून दोन टाक्यांच्या नळरचनेचा पहिला नियम असा की, ज्या ज्या दोन झडपांमध्ये द्रव कोंडला जाऊ शकतो, त्या प्रत्येक तुकड्यावर आपोआप उघडणारी एक सुरक्षा-झडप असलीच पाहिजे. आराखडा तपासताना नळाच्या रेषेवर बोट ठेवून एका झडपेपासून दुसरीपर्यंत जावे आणि मध्ये सुरक्षा-झडप आहे काय, हे प्रत्येक वेळी विचारावे. नळ जितक्या वाटांनी फुटतो तितके असे तुकडे वाढतात. दोन टाक्या एकमेकींना जोडताना मधल्या आडव्या नळाकडेच नेमके दुर्लक्ष होते. तो एरवी वापरात नसतो, आणि अदलाबदल झाल्यावर दोन्हीकडून बंद होतो. उलट प्रवाह रोखणारी झडपही या हिशेबात बंद झडपच धरली पाहिजे, कारण तिच्यामागे अडकलेल्या द्रवास परतीची वाट नसते. सुरक्षा-झडपेचे तोंड माणसांच्या वाटेवर न ठेवता उंच व मोकळ्या जागी वळवावे लागते.

दुसरा नियम नळ थंड होण्यासंबंधीचा. राखीव टाकीचा नळ अनेक दिवस वापरला नाही तर तो बाहेरच्या हवेइतका उबदार होतो. अशा नळात एकदम द्रव सोडला की पहिला लोट नळाच्या धातूला निववण्यातच वाफ होऊन जातो. तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडले म्हणजे जसे होते, तसेच हे होय. तोवर पुढे जातो तो द्रव आणि वायू यांचा हिसके देणारा मिश्र प्रवाह. दाब क्षणात चढतो, क्षणात पडतो. अदलाबदलीचा क्षण नेमका याच गोंधळात सापडू नये म्हणून द्रवाचे नळ शक्य तितके आखूड ठेवतात, उष्णतारोधक आवरणात गुंडाळतात आणि ज्या फांदीतून प्रवाह नाही अशी फांदी लांब ठेवीत नाहीत.

थंडीने नळ आकसतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. सामान्य तपमानापासून या तपमानापर्यंत जाताना स्टेनलेस पोलादाचा नळ मीटरमागे सुमारे तीन मिलिमीटर आखूड होतो. वीस मीटर नळ म्हणजे सहा सेंटिमीटर. नळाची दोन्ही टोके घट्ट जखडली तर हा ताण जोडांवर येतो, आणि एक टाकी थंड, दुसरी उबदार अशा स्थितीत तो दोन्ही बाजूंना असमान असतो. यासाठी नळाला मुद्दाम वळण देतात, म्हणजे आकसताना ते वळण उघडते आणि जोड सुरक्षित राहतो. द्रवाच्या झडपांच्या दांड्या लांब असतात आणि त्या उभ्याच बसवितात. त्यामुळे दांडीच्या वरच्या भागात वायूची उशी राहते, द्रव वरच्या गुंडाळीपर्यंत पोचत नाही आणि झडप बर्फाने अडकून बसत नाही. आडवी बसविलेली झडप ऐन गरजेच्या वेळी हातात फिरणार नाही, असा धोका असतो.

आता प्रश्न येतो तो अदलाबदल नेमकी कोठे करावयाची, हा. टाकीतील द्रव बाष्पकात जातो. बाष्पक म्हणजे पंख असलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची उभी चौकट. भोवतालच्या हवेची उष्णता घेऊन तीत द्रवाचा वायू होतो आणि तो दाबनियंत्रकातून रुग्णालयात जातो. दोन टाक्यांचे नळ बाष्पकाच्या आधी, म्हणजे द्रवाच्या बाजूस, जोडता येतात, किंवा प्रत्येक टाकीस स्वतःचे बाष्पक देऊन वायूच्या बाजूस जोडता येतात. पहिल्या पद्धतीत बाष्पकांचा खर्च वाचतो, पण वर सांगितलेल्या साऱ्या अडचणी, म्हणजे कोंडलेला द्रव, उबदार नळ आणि आकसणारे जोड, अदलाबदलीच्या ठिकाणीच गोळा होतात. दुसऱ्या पद्धतीत खर्च अधिक, परंतु जेथे दोन वाटा एकत्र येतात तेथे उबदार, शांत वायू असतो आणि झडपा साध्या चालतात. ज्या ठिकाणी रुग्णाचे प्राण अवलंबून आहेत तेथे दुसरी पद्धत श्रेयस्कर होय.

वायूच्या बाजूस अदलाबदल घडवून आणण्याची युक्ती साधी आहे. तीस वीज लागत नाही, की माणसाचा हात लागत नाही. चालू टाकीचा दाबनियंत्रक, उदाहरणार्थ, दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोवर लावावा आणि राखीव टाकीचा साडेचार किलोवर. दोन्ही वाटांवर उलट प्रवाह रोखणारी झडप असावी आणि दोन्ही वाटा एकाच मुख्य नळास उघड्या असाव्यात. मुख्य नळात ५ किलो दाब असेपर्यंत राखीव वाटेवरील नियंत्रक मिटलेला राहतो. पहिली टाकी संपत आली आणि दाब साडेचारच्या खाली उतरू लागला की दुसरा नियंत्रक आपोआप उघडतो. पुढील नियंत्रक हा दाब रुग्णालयास लागणाऱ्या सुमारे ४ किलोवर आणून ठेवतो. त्यामुळे वॉर्डातील रुग्णास मागे काय घडले याची जाणीवही होत नाही. मात्र त्याच क्षणी धोक्याची घंटा वाजली पाहिजे. ती वाजली नाही तर राखीव साठाही मुकाट्याने संपून जाईल आणि तिसरी वाट उरणार नाही.

उलट प्रवाह रोखणारी झडप नसेल तर अधिक दाबाच्या टाकीतून कमी दाबाच्या टाकीकडे प्रवाह सुरू होतो. द्रवाच्या बाजूस असे झाले तर एक टाकी प्रमाणापेक्षा अधिक भरते आणि तिच्यात वायूसाठी ठेवलेली मोकळी जागा बुजते. एका टाकीस मोठी गळती लागली तर दुसरीचा साठाही तीच वाट धरतो. म्हणून प्रत्येक टाकी हाताने पूर्णपणे तोडता येईल अशी झडप तिच्या जवळ हवीच. शिवाय गळती होत असताना धुक्यात शिरावे न लागता पोचता येईल अशी दुसरी झडप दूर अंतरावरही असावी. स्वयंचलित झडप वापरल्यास वीज गेल्यावर ती कोणत्या स्थितीत राहील, हे आधी ठरवावे लागते. पुरवठ्याच्या वाटेवरील झडप वीज गेल्यावर उघडी राहणारी हवी, आणि तिला वळसा घालणारा, हाताने उघडण्याचा नळही हवा.

अदलाबदल टाक्यांपुरतीच मर्यादित नसते. प्रत्येक टाकीच्या माथ्यावर दोन सुरक्षा-झडपा असतात आणि त्यांच्याखाली अशी तिहेरी झडप असते की एक दुरुस्तीस काढली तरी दुसरी टाकीशी जोडलेलीच राहते. दोन्ही एकाच वेळी बंद करता येत नाहीत. बाष्पकांचेही तसेच. कोकणच्या दमट हवेत त्यांच्या पंखांवर हिम झपाट्याने साचते आणि उष्णता आत जाण्यास अडथळा होतो. त्यामुळे बाष्पकांच्या दोन जोड्या ठेवून पाळीपाळीने वापरतात. एक काम करीत असता दुसरीचे हिम वितळते. हिमाने झाकलेले बाष्पक तसेच चालविले तर अतिथंड वायू, क्वचित द्रवही, रुग्णालयाच्या नळात शिरण्याचा संभव असतो. त्यासाठी बाष्पकानंतर तपमान दाखविणारी आणि इशारा देणारी सोय आवश्यक आहे.

राखीव टाकी नुसती भरून ठेवली की काम संपले, असाही समज आहे. कितीही उत्तम आवरण असले तरी तिच्यातील द्रव रोज थोडाथोडा उबतो, दाब वाढतो आणि शेवटी सुरक्षा-झडपेतून वायू वाया जातो. महिनोन् महिने न वापरलेली टाकी मोजपट्टीवर भरलेली असेल अशी खात्री बाळगून राहिल्यास ऐन वेळी फसगत होते. म्हणून दोन टाक्यांच्या भूमिका ठराविक दिवसांनी बदलाव्यात. आज चालू असलेली उद्या राखीव व्हावी. यामुळे दोन्ही नळवाटा वापरात राहतात आणि अदलाबदलीची तालीमही आपोआप होते.

वैद्यकीय वायूंच्या नळयोजनेविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक दोन साठ्यांवरही समाधान मानीत नाही. मुख्य, दुय्यम आणि राखीव असे तीन स्वतंत्र साठे असावेत आणि कोणताही एक दोष उद्भवला तरी पुरवठा चालू राहावा, ही त्याची अपेक्षा आहे. तिसरा साठा बहुधा सिलिंडरांचा असतो. येथे स्वतंत्र या शब्दाला फार महत्त्व आहे. तिन्ही साठे एकाच नळातून, एकाच झडपेमागून येत असतील तर त्या एका झडपेच्या दोषाने तिन्ही निरुपयोगी होतात. संख्या तीन असली तरी वाट एकच उरते.

साहित्य आणि स्वच्छता यांविषयीही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. साधे पोलाद या थंडीत काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून द्रवाच्या वाटेवर स्टेनलेस पोलाद, तांबे, पितळ किंवा ॲल्युमिनियमच वापरतात. प्राणवायूच्या सान्निध्यात तेल आणि ग्रीज सहज पेट घेतात, तेव्हा झडप घट्ट फिरते म्हणून तिला तेल घालणे हा गंभीर अपराध समजावा. टाकी भरण्याच्या जागेखाली डांबर नसावे, सिमेंट काँक्रीट असावे, कारण डांबरावर द्रवरूप प्राणवायू सांडल्यास नुसत्या आघातानेही स्फोट होऊ शकतो. प्राणवायू आणि नत्रवायू यांच्या भरण-जोडण्या निरनिराळ्या घडणीच्या असतात, म्हणजे चुकीचा टँकर जोडलाच जाऊ नये. ही जोडणी बदलून किंवा मध्ये दुसरा तुकडा घालून काम भागविण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. अशा टाक्यांना २०१६ च्या स्थिर व फिरत्या दाबपात्रांविषयीच्या नियमांनुसार परवाना लागतो, आणि त्याचे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

गुरांच्या दवाखान्यातील नत्रवायूच्या भांड्यालाही यातील काही नियम लागू पडतात. त्याचे तोंड घट्ट बुचाने कधीही बंद करू नये, कारण कोंडलेला द्रव तेथेही तसाच वागतो. ते भांडे बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीतही ठेवू नये, कारण उबलेला नत्रवायू हवेतील प्राणवायूची जागा घेतो आणि माणसास न कळत त्याची शुद्ध हरपते.

शेवटी प्रश्न उरतो तो माणसांचा. उत्तम नळरचना ती, जी मध्यरात्री एकट्या असलेल्या कर्मचाऱ्याकडून कमीतकमी निर्णयांची अपेक्षा करते. तरीही काही कामे यंत्रावर सोपविता येत नाहीत. प्रत्येक झडपेवर तिचे नाव आणि ती नेहमी उघडी की बंद हे मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. नळांचा आराखडा टाकीजवळच्या भिंतीवर लावलेला असावा. दोन्ही टाक्यांची पातळी व दाब यांची नोंद दर पाळीस व्हावी. अदलाबदलीची तालीम ठरलेल्या दिवशी, दिवसाउजेडी, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावी, आणि त्या वेळी वॉर्डात सिलिंडर हाताशी ठेवलेले असावेत. टाकीच्या उद्घाटनास अनेक जण येतात. झडपेच्या तपासणीस कुणी येत नाही. अधिकाऱ्यांनी वर्षातून निदान एकदा तरी या तपासणीस स्वतः उभे राहावे. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला द्रव, वायू व दाब शिकविताना हे उदाहरण मुलांसमोर ठेवावे. आणि ग्रामस्थांनी आपल्या भागातील रुग्णालयास टाकी आहे काय एवढेच विचारून थांबू नये. ती बंद पडली तर दुसरी वाट कोणती, आणि त्या वाटेची चाचणी शेवटची कधी झाली, हेही विचारावे. २०२१ च्या उन्हाळ्यात हे प्रश्न वेळ निघून गेल्यावर विचारले गेले. ते आधी विचारण्याची सवय लागली तर त्या दिवसांत ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांच्या दुःखातून काही शिकल्यासारखे होईल.